हंगामानंतरचा छंद : हाताने शिवलेला पट्टा

(एका सभासदाकडून)



गळीत हंगाम संपला, धुराडे थंडावले, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्याला चार घटका मोकळ्या मिळतात. कोणी लग्नसराईत रमतो, कोणी पारावर पत्ते कुटतो. मी पट्टे शिवतो. होय, कमरेचे चामडी पट्टे! ऐकून हसू येईल. घरचेही आधी हसले, मग रागावले. म्हणूनच ही हकिकत सांगण्याजोगी वाटते.

चार वर्षांपूर्वी वार्षिक सभेसाठी म्हणून बाजारातून झकपक पट्टा घेतला. सहा महिन्यांत त्याचा पापुद्रा सुटला. आत बघतो तर चामड्याचा भुगा डिंकाने थापून केलेली पट्टी! असा हा तिसरा पट्टा. तो घेऊन गावातल्या चर्मकार तात्यांकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात, नजर मात्र अजून शाबूत. त्यांनी पट्टा एकदा वाकवून बघितला आणि म्हणाले, "पाटील, ह्यात चामडं कुठं हाय? समदं भुशाचं काम." मग स्वतःच्या कमरेचा दाखवला. तीस वर्षांपूर्वीचा, काळाभोर, पण एक टाका उसवलेला नाही.

मी म्हणालो, "तात्या, मला शिकवाल?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिकवीन की. पन इथं खाली बसायला लागंल."

त्या एका वाक्याने मी लहानपणात गेलो. आमच्या विहिरीवर तेव्हा मोट होती. नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द आता नातवंडांना सांगावे लागतात. मोट आणि तिची सोंड चामड्याची. ती गळू लागली की तात्यांचे वडील येऊन शिवून देत. त्याबद्दल सुगीला बलुते मिळे, तेही खळ्याच्या कडेला उभे राहून. त्यांनी शिवलेल्या मोटेचे पाणी आमच्या मळ्याला चाले, पण त्यांना पाणवठा मात्र वेगळा. पुढे इंजिने आली, विजेचे पंप आले, मोट अडगळीत पडली. आपला ऊस वाढला; तात्यांच्या घरचे निम्मे काम गेले. याचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही.

मी खाली बसलो. घरी चामडे आणले तेव्हा चुलत्यांनी विचारले, "घरात हे काय आणलंस?" मी म्हणालो, "काका, पायात चालतं, कमरेला चालतं, मग हातातच का नको?" त्यावर ते काही बोलले नाहीत. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर चपला करायला शिकले होते. तुरुंगात स्वतः केलेला एक जोड त्यांनी 1914 साली जनरल स्मट्स यांना भेट दिला. ज्याने तुरुंगात टाकले त्यालाच! बॅरिस्टराच्या हाताला जे चालले ते शेतकऱ्याच्या हाताला का चालू नये?

पट्टा कसा करावा

चामडे म्हशीचे घ्यावे, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले. कोल्हापुरी चपलेचे चामडेही असेच कमावतात. ओळख सोपी आहे. कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसते आणि पाण्याचा थेंब टाकला की मुरून डाग पडतो. क्रोमच्या चामड्याची कड बहुधा निळसर-राखी असते. जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर असावी. पट्टी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने कापावी. पोटाकडचे चामडे पुढे ताणते.

माप जुन्या पट्ट्यावरून घ्यावे, बक्कलच्या वळणापासून रोजच्या भोकापर्यंत. समजा 36 इंच भरले. दुमडीला 3 इंच आणि टोकाला 6 इंच धरून 45 इंचांची, दीड इंच रुंद पट्टी रापीने कापावी. भोके पाच, एकेक इंचावर. मधले भोक बरोबर 36 इंचांवर. म्हणजे माणूस सुटला काय आणि वाळला काय, दोन्हीकडे सोय राहते!

दुमडीचा भाग आतून रापीने छिलून पातळ करावा. बक्कलच्या काट्यासाठी तिथे इंचभर लांब चीर पाडावी आणि चामडे ओलावून वाकवावे. टोक अडकवायची अर्ध्या इंचाची कडी दुमडीतच शिवून घ्यावी.

खरी विद्या शिवणीत आहे. दोऱ्याला मधमाश्यांचे मेण चोळावे. टाक्यांची खूण जेवणाच्या काट्याने केली तरी सारखी येते. भोक आरीने पाडावे. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा ओढावा. एखादा टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. यंत्राच्या शिवणीसारखे भराभर उसवत नाही. शेवटी कड जरा ओली करून गुळगुळीत लाकडाने घासावी, म्हणजे चकाकी येते. वर एरंडेलाचे बोट फिरवावे, पण बेताने. उन्हात वाळवू नये.

माझे पहिले दोन पट्टे वाकडे झाले. तिसरा तात्यांनी हातात घेतला, वाकवला, उलटा करून टाके मोजले आणि म्हणाले, "चालंल." एवढेच.

त्या दिवशी मी ज्वारीचे पोते घेऊन गेलो होतो. तात्यांनी ते परत पाठवले. म्हणाले, "धान्य नको, पाटील. बलुतं आमच्या बानं लई खाल्लं. शिकवल्याचं पैसं द्या, रोख." मी दिले, आणि मनातून खजील झालो.

त्यांचा नातू पुण्याला कंपनीत आहे. "त्याला आरी दिली न्हाई, शाळा दिली. तुमचा छंद हाय, आमचं पोट हुतं," असे ते एकदा सहज बोलून गेले. यावर काय बोलणार? तात्यांच्या घरात ही विद्या पुढे जाणार नाही, याला आपली सगळ्यांची वागणूक कारण आहे.

तरी ज्यांना हौस असेल त्यांनी अवश्य शिकावे. आपल्या गावच्या कारागिराकडे जावे, घासाघीस न करता त्याचा मोबदला द्यावा, आणि काम हातात घेण्याआधी त्याच्याशेजारी खाली बसावे.