लक्ष मोजणारी चाचणी: पैसे भरण्याआधी एवढं वाचा

"मुलाचं लक्ष लागत नाही, ब्रेन मॅपिंग करू का?" हा प्रश्न वर्कशॉपमध्ये हमखास येतो. मी डॉक्टर नाही. पण घेण्याआधी माल पारखायचा, हे आपण शिकतोच ना?

तर माल काय आहे? डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत टिपायचे, तो ईईजी. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये घेतला. लक्ष तपासताना हेडफोनवर एकसारखे बीप वाजतात, मध्येच एखादा वेगळा. तो वेगळा ओळखला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी एक लाट उठते. म्हणून तिचं नाव पी-३००. स्किझोफ्रेनियात ही लाट सरासरीने लहान दिसते, अल्झायमरमध्ये उशिरा येते.

गोम आहे ती 'सरासरीने' या शब्दात. दिवसाचं सरासरी बिल बघून समोरचं गिऱ्हाईक किती घेणार, हे सांगता येतं का? तसंच इथे. निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळतात. वय, झोप, औषधं यांनीही फरक पडतो. एडीएचडीसाठी अमेरिकेत २०१३ मध्ये एका ईईजी चाचणीला मंजुरी मिळाली, तीही फक्त डॉक्टरांना मदत म्हणून.

म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ते घरचं, शाळेतलं वागणं विचारून निदान करतात. चाचणी सुचवली तर एकच विचारा: "रिपोर्टमुळे उपचारात काय बदलेल?" उत्तर नीट मिळालं, तरच पाकीट काढा. आणि नुसत्या ग्राफवरून मुलावर शिक्का मारू देऊ नका.