जागरणाची कॉफी

महाशिवरात्रीचा उपवास पुष्कळ घरी निष्ठेने होतो. कस लागतो तो जागरणाचा. पहिल्या दोन प्रहरांच्या पूजा उत्साहात पार पडतात, परंतु निशीथकाल उलटल्यावर समईच्या वाती सारणाऱ्यांचेच डोळे मिटू लागतात. अशा वेळी उपवासाला चालते म्हणून कॉफीची आठवण होते. ती कडवट झाली, की रिकाम्या पोटी मळमळते आणि चित्त शिवनामावरून उडते.

कॉफीचे जागरणाशी नाते जुनेच आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या ईश्वरस्मरणात झोप येऊ नये म्हणून ती पीत. सोळाव्या शतकाच्या मध्यास ती इस्तंबूलला रुजली. तेथील पद्धतीची, न गाळता प्यावयाची, ती तुर्की कॉफी. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तीत दूध नसते. त्यामुळे कडवटपणा लपत नाही.

दोष बहुधा आपल्या हाताच्या सवयीचा असतो. चहाला खळखळून उकळी आणल्याविना आपले समाधान होत नाही, आणि तोच न्याय आपण कॉफीला लावतो! बारीक पूड उकळत्या पाण्यात राहिली, की तिच्यातील कडू अंश भराभर उतरतो. मग वरून कितीही साखर घाला, तो जात नाही.

पूड चिकोरी न मिसळलेली, मध्यम भाजलेली, ताजी आणि पिठीसारखी दळलेली हवी. तुर्कस्तानात यासाठी लांब दांड्याचे, निमुळत्या तोंडाचे, आतून कल्हई केलेले तांब्याचे लहान भांडे वापरतात. त्याला जेझ्वे म्हणतात. आपल्याकडे निमुळत्या तोंडाचे कोणतेही लहान पातेले चालेल. तांब्याचे असल्यास कल्हई तेवढी पाहून घ्यावी. दर पेल्यास साठ-सत्तर मिलिलिटर गार पाणी, चहाचा एक शीगभरला चमचा पूड आणि साखर आरंभीच एकत्र करून ढवळावी. नंतर चमचा लावू नये. आच अगदी मंद ठेवावी. फेस काठाशी चढू लागताच, उकळी फुटण्यापूर्वी, भांडे उतरवावे. थोडा फेस पेल्यांत घालून भांडे पुन्हा आचेवर धरावे, फेस चढताच उतरवावे आणि ओतावे. दोन मिनिटांत गाळ खाली बसतो; तो पिऊ नये. वेलदोड्याची चिमूटभर पूड घालण्याची अरबी रीत आम्हांस विशेष रुचते.

आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी उपाशीपोटी ही कॉफी टाळलेलीच बरी. इतरांनीही तिसऱ्या प्रहरीची उरलेली कॉफी चौथ्या प्रहरी तापवून घेऊ नये. पूड आणि पाणी नव्यानेच घ्यावे.