गणित सोडू की जीवशास्त्र?

दहावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात आणि विचारतात, "गुरुजी, पोराला सायन्सला घालू का?" प्रश्न चांगला, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा, की सायन्सला जाऊन विषय कोणते घ्यायचे?

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तर बहुतेक सगळेच घेतात. वाट फुटते ती गणित आणि जीवशास्त्र यांच्यापाशी. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत गणित असते. डॉक्टरकीसाठी जी 'नीट' परीक्षा आहे, तिच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. शेतकीची पदवी किंवा फार्मसी यांना मात्र दोहोंपैकी कोणताही विषय चालतो. ही गोष्ट खेड्यातल्या पुष्कळ घरांना ठाऊक नसते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने भीतीपोटी गणित सोडले. बारावीत तिला पावसाचा, वाऱ्यांचा अभ्यास करावासा वाटू लागला, आणि हवामानशास्त्र तर गणिताशिवाय पाऊल टाकू देत नाही! पुढे तिने गणिताची परीक्षा वेगळी दिली. पण वर्ष गेले ते गेलेच.

म्हणून सांगतो, मुलाचे मन ठरलेले नसेल आणि झेपत असेल, तर दोन्ही विषय ठेवा. एखादा सोडायचाच झाला, तर 'अवघड आहे' एवढ्याच कारणाने सोडू नका. आधी शिक्षकांना विचारा. कॉलेज निवडतानाही नुसती इमारत पाहू नका, प्रयोगशाळा चालू आहे का ते पाहा. आणि गुरुजी, हे सारे निकालानंतर नव्हे, दहावीच्या वर्गातच मुलांना सांगा, बरे का!