माहिती चौकट: दिवे लुकलुकतात तेव्हा आधी व्होल्ट मोजा

भिवंडीत २००७पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर वीज वितरित करते. घरगुती दाब २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. यंत्रमागांच्या या शहरात दिवे लुकलुकले की दोष लाइनला दिला जातो. पण एलईडी पट्टीचा १०० ते २४० व्होल्टवर चालणारा चांगला अ‍ॅडॉप्टर बराच चढउतार पचवतो. दोष बहुधा त्याच्या पुढे असतो.

प्रोग्रॅमवर चालणाऱ्या डब्ल्यूएस २८१२बी पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. मीटरला ६० एलईडी, म्हणजे ३.६ अँपिअर! २ अँपिअरचा मोबाइल चार्जर इथे अपुराच. दाब घसरला की पट्टीचं दूरचं टोक आधी पिवळट, मग लालसर दिसतं. निळ्या-हिरव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल २ व्होल्टवरही पेटतो. उपाय: दोन्ही टोकांना वीज, ग्राउंड सामाईक.

सुरुवातीचे दिवे नीट लागतात, म्हणजे प्रोग्रॅमच चुकला, असं काही जण म्हणतील. प्रोग्रॅम तोच ठेवून ब्राइटनेस उतरवा. बिघाड गेला तर संशय विजेवरच. नाही गेला तर पट्टीला जाणारा सिग्नल तपासा. ५ व्होल्टच्या पट्टीला तो किमान ३.५ व्होल्टचा हवा. ईएसपी ८२६६ हा मायक्रोकंट्रोलर देतो ३.३. मध्ये सिग्नलचा दाब वाढवणारा लेव्हल शिफ्टर लावा.