गाडीचा ए.सी. : कॉम्प्रेसर बदलण्याआधी

गेल्या मे महिन्यात कोशाचे कापड घेऊन आम्ही मोहाडीहून नागपूरला निघालो. भंडारा गाठेपर्यंत ए.सी. गरम हवा फेकू लागला. मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि निकाल दिला, "सेठ, कॉम्प्रेसर गेला, नवा टाका." हजारोंचे काम! आम्ही दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो.

इंजिन चालू असताना कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर नुसती फिरत असते. बटण दाबले की आतल्या कॉइलला 12 व्होल्टचा करंट मिळतो, तिचे चुंबक बनते आणि पुढची प्लेट 'टक्' करून पुलीला चिकटते. तेव्हाच कॉम्प्रेसर चालतो. (काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतोच.)

'टक्' ऐकू आले नाही तर बटण चालू ठेवून कॉइलच्या तारेला टेस्ट लॅम्प लावावा. दिवा लागला नाही तर फ्यूज, रिले, वायरिंग तपासावे. गॅस कमी झाला तरी प्रेशर स्विच करंट तोडतो. तो स्विच तारेने जोडून गाडी चालवू नये. तेल गॅसबरोबरच फिरते, ते पोचले नाही तर चांगला कॉम्प्रेसरही जाम होतो. आधी गळती शोधावी, मग गॅस भरावा.

आमच्या गाडीत दिवा लागत होता. प्लेट झिजून फट वाढली होती; ती साधारण अर्धा मिलिमीटर हवी. थंड असताना प्लेट चिकटे, कॉइल तापली की चुंबकाचा जोर कमी पडून सुटे. मिस्त्रीने प्लेटखालचा एक पातळ वॉशर काढला, पुन्हा 'टक्' झाले. कापड संध्याकाळी नागपूरला पोचले.