परसातील कासवतळे आणि सूर्यशक्तीवरील पंप

भाईंदर पूर्वेकडील गोडदेवच्या मुलांना उन्हाचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. भाईंदरच्या मिठागरांत खाडीचे पाणी उन्हाने आटवून मीठ पिकविण्याची रीत पिढ्यानपिढ्यांची आहे. पाणी आटविणारे हेच ऊन पाणी खेळतेही ठेवू शकते, हे परसातील लहान तळ्यावरून समजावून देता येते.

पंप कशासाठी? कासव फुप्फुसांनी श्वास घेते. पंप थांबल्याने ते गुदमरत नाही. परंतु त्याच्या मलमूत्रातून पाण्यात अपायकारक अमोनिया साठतो. पाणी खडीच्या गाळणीतून फिरत राहिले म्हणजे खडीवरील जीवाणू प्राणवायूच्या साहाय्याने अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. हे नायट्रेट काढण्यासाठी अधूनमधून थोडे पाणी बदलावेच लागते. ते झाडांस घालावे.

पंप कसा चालतो? सिलिकॉनच्या घटांवर प्रकाश पडताच वीज निर्माण होते. असा व्यवहारोपयोगी घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने दाखविला. एक लिटर पाणी एक मीटर उंच चढविण्यास सुमारे १० ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे १० वॅट विजेवर हिशेबाने सेकंदास एक लिटर पाणी चढावे. प्रत्यक्षात बरीच ऊर्जा पंपात व नळीत खर्च होऊन पाणी पुष्कळच कमी मिळते. रात्री व आषाढातील ढगाळ दिवसांत पंप थांबतो. म्हणून बॅटरीची जोड असावी. पॅनेल उन्हात, तळे अर्धे सावलीत आणि पंपाच्या तोंडाशी जाळी असावी. कासवास ऊन खाण्यासाठी पाण्याबाहेर एक दगडही ठेवावा.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. शेतात वा ओढ्यात सापडलेले कासव मुले कौतुकाने शाळेत आणतात. आपल्याकडील मऊ पाठीच्या कासवास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते पाळणे गुन्हा होय. अशा वेळी मुलांस न रागावता वनखात्यास कळवावे. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले अमेरिकन कासव कोणी पाळले असल्यास ते कंटाळून गावतळ्यात सोडू नये. ते देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते.

प्रयोगासाठी कासवाची गरजही नाही. सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता पंपाने एक बादली भरण्यास किती वेळ लागतो, तो मुलांकडून वहीत टिपून घ्यावा. नंतर पॅनेलचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून पुन्हा मोजावा. उन्हाचा हिशेब मुले स्वतःच मांडतील.