अंगठ्यांचा कळफलक

लेखणी धरावयास तीन बोटें लागतात. मोबाईलवर मात्र लिहिण्याचा सारा भार बहुधा दोन अंगठ्यांवर येऊन पडतो. त्या अंगठ्यांखालीं मांडलेला इंग्रजी कळफलक दुसऱ्याच यंत्रासाठीं जन्मलेला आहे. अमेरिकेंतील मिल्वॉकी येथें ख्रिस्तोफर शोल्स व त्याचे सहकारी यांनीं टंकलेखनयंत्र सिद्ध केलें, आणि १८७४ सालीं रेमिंग्टन कंपनीनें तें विक्रीस आणलें. अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकूं नयेत म्हणून अक्षरें विखुरलीं, अशी समजूत रूढ आहे. तिजविषयीं अभ्यासकांचें एकमत नाहीं. कांहीं असो, कांचेच्या पडद्यामागें दांड्याच नसतांना मांडणी तीच राहिली आहे.

दोन अंगठ्यांनीं लिहितांना वेगाचें मर्म एवढेंच कीं, एक अंगठा कळ दाबीत असतां दुसरा पुढील कळेवर पोंचलेला असावा. २०१३ सालीं जर्मनी, स्कॉटलंड व अमेरिका येथील संशोधकांनीं टॅब्लेटसाठीं 'काल्क' नांवाची मांडणी रचली. तींत 'वाय' खेरीज सारे स्वर उजव्या अंगठ्याकडे दिले होते, जेणेंकरून दोन्ही अंगठे आळीपाळीनें चालावेत. सराव झालेल्यांचा वेग मिनिटास ३७ शब्दांपर्यंत गेला. परंतु जुनी संवय मोडून कित्येक तास नवी गिरविण्याचा धीर फार थोड्यांस असतो.

मराठीस हें तत्त्व नवें नाहीं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं पुढें आणलेल्या 'इन्स्क्रिप्ट' मांडणींत स्वर डावीकडे व बहुतेक व्यंजनें उजवीकडे आहेत. 'पाटी' लिहावयाची तर प उजवीकडे, काना डावीकडे, ट उजवीकडे, वेलांटी डावीकडे. चार स्पर्शांत शब्द पुरा! ख हा कच्याच कळेवर, थ हा तच्याच. वर्णमाला शिकलेल्यास हें वेगळें पाठ करावयास नको. उणीव आहे ती अशी कीं, महाप्राणासाठीं आणखी एक कळ दाबावी लागते, आणि अरुंद पडद्यावर कळा फार चिंचोळ्या होतात. मांडणी दहा बोटांसाठीं योजिलेली आहे, हें तेथें जाणवतें.

म्हणूनच पुष्कळजण रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. ही रीत सोपी खरी. पण 'पी-ए-टी-आय' म्हणजे पाटी, पाठी, पाती कीं पती, हें यंत्रानें तर्कानें ठरवावयाचें! दारावरील पाटी बदलली, असें माहेरीं कळवूं जाणाऱ्या गृहिणीनें पती बदलल्याचें कळवावें, असा प्रसंग मग ओढवतो. शिवाय त आणि ट हे दोन वर्ण एकाच अक्षरानें लिहीत वाढणाऱ्या मुलाच्या हातास तो भेद कोठून यावा?

चूक टाळावयाची तर यंत्रानें सुचविलेले शब्द वाचून त्यांतून निवड करणें आलें. २०१९ सालीं ३७ हजारांवर लोकांच्या इंग्रजी मोबाईललेखनाची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत असे शब्द निवडणारे मंद ठरले. कारण वाचतांना अंगठे थांबतात. मराठींत चार सारखे शब्द पुढें उभे राहिले म्हणजे हा थांबा वाढण्याचाच संभव अधिक.